चालीत न बसलेलं नाव

मेलेल्या माणसाच्या नावाला तुम्ही कधी ओ दिली आहे का? भर दिवसा, चार लोकांत, छाती पुढे काढून 'हाय!' म्हणून? दिली नसेल तर धोंडुबाईला हसू नका. आमच्या गावातले पुष्कळ हसले. तिने उचललेल्या चिखलाच्या आडोशाला पिकलेला भात जेवले आणि तोंड पुसून हसले. ते मला बघवलं नाही, म्हणून लिहायला बसलो.

आमचं गाव पेणच्या खारेपाटात. एका अंगाला भातशेती, दुसऱ्या अंगाला खाडी, आणि मधे माणसांनी हाताने घातलेला मातीचा बांध. एवढाच काय तो आमच्या जगण्यातला आणि बुडण्यातला फरक. पावसाळ्यात मोठं उधाण आलं की बांध कुठे ना कुठे फुटतो. त्या भगदाडाला आम्ही खांड म्हणतो. खांड पडली आणि खारं पाणी आत शिरलं, की ती जमीन पुढची दोन-तीन वर्षं भाताला ओळख देत नाही. म्हणून खांड पडल्याची हाळी आली की हातातला घास टाकून बांधावर जायचं. घरटी एक गडी. ओहोटी आहे तोवर लाकडाच्या मेढी ठोकायच्या, पेंढा कोंबायचा, हातोहात चिखलाचे गोळे पोचवायचे, आणि भरती परत यायच्या आत भगदाड बुजवायचं. कायदा कुणी लिहिलेला नाही, पण मोडायची कुणाची छाती नव्हती.

हजेरी घ्यायचा गुणाजी. त्याला अक्षरओळख नव्हती. साऱ्या गावची घरं त्याला गल्लीच्या क्रमाने पाठ. उंचवट्यावर उभा राहून तो भजनासारखी चाल लावायचा, "हिरू पोशाऽ, चांगा पदूऽ, जनू गोमाऽ, बामा हिरूऽ..." ज्याचं नाव येईल त्याने 'हाय' म्हणायचं आणि ओळीत पुढे व्हायचं. झाली हजेरी.

त्यातला जनू गोमा म्हणजे धोंडुबाईचा नवरा. ज्येष्ठात त्याचे डोळे पिवळे झाले आणि आषाढ संपायच्या आत गेला. मागे दोन पोरगे. थोरला कान्हू नुकताच शाळेत जाऊ लागलेला, धाकटा नाथा अजून पदर सोडायला तयार नाही. गावकीने बसून ठरवलं की विधवेचं घर माफ. पोरं मोठी होईपर्यंत तिच्याकडे गडी मागायचा नाही.

ऐकायला किती गोड! पण माफीचं पोट फाडून बघा. ज्या घराचं नाव बांधावर पुकारलं जात नाही, त्या घराला गावकीच्या बैठकीत कुणी विचारत नाही. उघाडीच्या, म्हणजे बांधातल्या पाणी सोडायच्या दाराच्या, तोंडाशी जाळं लावून जी मासळी मिळते तिचे घरटी वाटे पडतात. माफीच्या घराचा वाटा दारात आणून टाकतात, मांजरापुढे टाकावा तसा. धोंडुबाईच्या दारात पहिला वाटा असाच पडला. तिने तो उचलला नाही. कावळ्यांनी खाल्ला. शेजारची चंद्रावती म्हणाली, "अगो, पोरं उपाशी हायत, नि तुझा ताठा बघ." धोंडुबाई म्हणाली, "उपाशी हायत. भिकारी नाय."

त्याच श्रावणात खांड पडली. गुणाजी उंचवट्यावर चढला, नावांची चाल सुरू झाली, आणि सवयीने त्याच्या तोंडून निघून गेलं, "जनू गोमाऽ!"

सगळे चपापले. गुणाजीने जीभ चावली. आणि मागून आवाज आला, "हाय!"

लुगडं गुडघ्याच्या वर खोचून धोंडुबाई उभी होती.

"अगो धोंडे, तू कशाला?" गुणाजी म्हणाला. "सवयीनं आलं गो तोंडात."

"तुझ्या तोंडात सवयीनं आलं, माझ्या तोंडातून सवयीनं गेलं. घराचं नाव घेतलंस ना? मग घर आलं. व्हा बाजूला, पानी थांबनार नाय."

पाणी खरंच थांबणार नव्हतं, म्हणून वाद थांबला. त्या दिवशी ती माझ्या शेजारी ओळीत होती. मी तेव्हा मिसरूड फुटलेला, अंगात मस्ती. तिच्या हातून येणारे गोळे झेलताना माझे खांदे भरून आले, पण बाईपुढे थांबायची लाज, म्हणून चालू ठेवलं.

पुढच्या खांडीला गुणाजीने जनूचं नाव वगळायचं ठरवलं. वगळलं, आणि त्याची चाल तिथेच अडखळली. जनूच्या मागची तीन घरं पुकारायची राहिली. तीन घरचे गडी चिडले, "आमी काय मेलो काय रे?" पाठ केलेल्या गोष्टीचं असंच असतं, मधली एक वीट काढली की वरचं सगळं घसरतं. गुणाजीने वैतागून पहिल्यापासून सुरुवात केली, या वेळी जनूसकट. आणि पुन्हा तोच आवाज, "हाय!"

अशा रीतीने मेलेला जनू गोमा वर्षानुवर्षं बांधावर हजर राहिला.

आता घरातलं सांगतो. यातलं बरंचसं मला नाथाने सांगितलं. तो माझ्या धाकट्या भावाबरोबरचा, रोज आमच्या ओटीवर पडीक.

धोंडुबाईची शेती थोडी. पावसाळ्यात भात, आणि पाऊस सरला की मिठागरावर काम. अंगाखांद्यावर मीठ वाळलेलं असायचं. सकाळी तांदळाच्या भाकऱ्या थापून, सुक्या जवळ्याची चटणी करून ती निघायची, ती ऊन कलल्यावर परत. पोरांनी आपापलं बघायचं. नाथा लवकर चुलीशी बसायला शिकला. खाडीकाठच्या खाजणातल्या चिखलात निवट्या मासे धरायचा, राखेत घोळवून साफ करायचा, तव्यावर टाकायचा. कान्हू चुलीशी बसायचा नाही. तो पाणी भरायचा, लाकडं फोडायचा, गवत कापायचा, आणि जेवायला बसला की भाकऱ्यांची चळत सपाट करायचा.

"आये, याच्या पोटात खांड पडली हाय," नाथा म्हणायचा. "कितीबी टाक, भरत नाय."

"तुझी जीभ बुजवू का आदी?" कान्हू.

आणि दोघांची जुंपायची. धोंडुबाई मधे पडायची नाही. भाकरी थापता थापता म्हणायची, "बाहेर मरा. मडकी फुटतील."

कान्हूची चड्डी नाथाला, नाथाची चिंधी चुलीला. दोघे वर्षभरात असे काही वाढायचे की दारातून आत येताना कान्हूचं कपाळ वरच्या लाकडाला आपटायला लागलं. धोंडुबाईने त्या लाकडाला जुन्या गोधडीचा तुकडा बांधला. तिची माया अशी, कुठे तरी बांधून ठेवलेली, डोकं आपटलं की कळायची.

चौथीनंतर दोघे पेणला शाळेत एसटीने जाऊ लागले, आणि तिथून कान्हूचं डोकं फिरायला सुरुवात झाली. गावात पोरांनी धोंडुबाईचं नाव ठेवलं होतं 'जनूबाय'. एके दिवशी कान्हू फाटक्या सदऱ्याने आणि फुटलेल्या ओठाने घरी आला. आईने विचारलं, काय झालं? तो दप्तर टाकून पाणी भरायला निघाला. शेवटी नाथा म्हणाला, "एसटीत पोरं याला जनूबायचा कान्हू म्हनली."

धोंडुबाई मनापासून हसली. "मग? तू हायसच जनूबायचा. खोटं काय म्हनली?"

तिथे ती चुकली. पोराला वाटलं, आपला फुटलेला ओठ हिला चेष्टा वाटतो. तो म्हणाला, "बाकीच्यांच्या आया बांधावर जात नाय."

"बाकीच्यांचे बाप हायत."

"मग माफी होती ती घ्यायची! गावानं दिली होती ना?"

धोंडुबाईच्या हातातली भाकरी तव्यावर पडली ती वाकडी. ती उलटवायला विसरली. नाथा सांगतो, आईच्या हातची जळलेली भाकरी त्याने जन्मात तेवढी एकच खाल्ली.

बाईने काम केलं याची कान्हूला लाज नव्हती. आमच्याकडे बायका चिखलात, मिठात, सगळीकडे असतात. त्याला खुपत होती ती हजेरी. बापाचं नाव पुकारलं जातं आणि बायकी आवाजात ओ येते, की ओळीतून एक हसू फिरतं. ते हसू कान्हूने लहानपणी बांधाखाली उभं राहून ऐकलं होतं. पोरांना चिखल दिसत नाही, हसू दिसतं.

कान्हूला मिसरूड फुटलं तसा गुणाजी एका संध्याकाळी त्यांच्या ओटीवर येऊन बसला. तंबाखू मळत म्हणाला, "धोंडे, लय वर्स ओढलंस. तुझ्यासारखी बाई खारेपाटात नाय. आता पोर झालं तयार. पुढच्या खांडीला त्याचं नाव घेतो. कान्हू जनू. बसतं पन चालीत झकास."

धोंडुबाई सूप पाखडत होती. पाखडतच म्हणाली, "बदलायचंच हाय ना नाव? मग माझं घे."

"म्हंजे?"

"म्हंजे माझं. जनूबाय म्हनून हसतात ते नाय. आईबापांनी ठेवलं ते."

गुणाजीला आधी थट्टा वाटली. मग त्याने खरंच तोंडातल्या तोंडात म्हणून बघितलं. "चांगा पदूऽ, धोंडुबाईऽ, बामा..." मान हलवली. "बसत नाय गो. लांबतं. चाल मोडते."

"मग चाल बदल."

"वाडवडलांची हाय ती!"

"बांध पन वाडवडलांचा हाय. दर वर्सी फुटतो, तो नाय आपन परत बांधत?"

गुणाजी हसत उठला. उत्तर नसलं की आमच्याकडची पुरुषमाणसं हसत उठतात. पण घरात कान्हूने सगळं ऐकलं होतं. गुणाजी गेल्यावर तो बाहेर आला आणि म्हणाला, "आये, ते माझं नाव घेनार होते. तू मधे का आलीस?"

"मी मधे नाय आले. मी आदीपासून तिथंच उभी हाय."

"मी मोठा झालो ते तुला बघवत नाय."

हे वाक्य तिला लागलं. ज्या बाईने दाराच्या लाकडाला गोधडी बांधली तिला हे ऐकावं लागलं. पण रागाच्या भरात तीही कमी नाही. म्हणाली, "मोठा झालास ना? मग दे ओ. मी बघते."

पुढचं उधाण नारळी पुनवेचं. दुसऱ्या दिवशी उघाडीच्या दक्षिणेला खांड पडली. ओहोटी लागताच गाव गोळा झालं. धोंडुबाई आपल्या जागी, लुगडं खोचून. आणि थोडं मागे कान्हू, अंगात बापाची जुनी बंडी. दोघांनी एकमेकांकडे बघितलं नाही. गुणाजीनेही दोघांकडे बघायचं टाळलं. आभाळाकडे बघत त्याने चाल लावली. हिरू पोशा झाला, चांगा पदू झाला, आणि...

"कान्हू जनूऽ!"

धोंडुबाईने तोंड उघडलं होतं. मी शेजारी होतो, मी बघितलं. पण तिच्या आधी मागून आवाज आला, जाड, नुकता फुटलेला, "हाय!"

या वेळी कुणी हसलं नाही. तेच वाईट. ओळीतून शाबासकीची कुजबुज झाली, कुणी कान्हूच्या पाठीवर थाप मारली. घरटी एक गडी, आणि घराचा गडी आला होता. धोंडुबाई ओळीतून बाहेर निघाली. तिला कुणी ढकललं नाही, कुणी थांबवलंही नाही. बांधावरून खाली उतरली, पाणथळीत पाय धुतले, लुगडं सोडून नीट केलं आणि घरी गेली. मी माझ्या हातातला गोळा पुढे दिला. मीही काही बोललो नाही. सगळ्यांसारखाच.

कान्हूने त्या दिवशी छातीभर पाण्यात उभं राहून मेढी धरल्या. घरी आला तेव्हा हात कालवांच्या कवचांनी चिरलेले. आईने जेवण वाढलं होतं.

"लागलं?"

"नाय."

"मग जेव."

एवढंच. नाथा म्हणतो, त्या घरात त्यानंतर भांडण कमी झालं आणि बोलणंही कमी झालं. पुढे कान्हू रोह्याला गेला, मामाकडे. धोंडुबाईचा भाऊ काळुराम तिथे राहायचा. त्याने भाच्याला एका केमिकल कंपनीत ठेकेदाराकडे लावून दिलं. आठवड्याला शिफ्ट बदलायची. सुटीला घरी यायचा तेव्हा अंगाला कसलासा आंबूस वास. धोंडुबाई त्याचे कपडे वेगळे धुवायची आणि वाळत घालताना नाक लावून बघायची, वास गेला का. विचारायची मात्र एकच, "जेवतोस ना वेळेवर?"

"शिफ्ट असंल तसं."

"आमची भरती बरी मग. ती रोज हलते, पन सांगून हलते."

खांड पडली की कान्हू बहुतेक वेळा रोह्यालाच असायचा. मग कान्हू जनूच्या नावाला नाथा ओ द्यायचा. धोंडुबाई बांधाकडे फिरकली नाही. उघाडीच्या वाट्याची मासळी मात्र आता मानाने हातात मिळायची, कारण घरात गडी होता. ती मासळी ती शिजवायची, पोरांना वाढायची. नाथा सांगतो, हजेरीच्या दिवशी ती अंगणात बांधाकडे तोंड करून उभी राहायची आणि तिचे ओठ हलायचे.

वर्षं गेली. नाथा डोलवीच्या कंपनीत लागला, तोही ठेक्यावरच. रोह्याची कान्हूची कंपनी एक दिवस कुलूप लावून मोकळी झाली. कामगारांना गेटवर येऊन कळलं. कान्हू बायको शांतीला आणि लेकराला घेऊन गावी परतला. भात लावू लागला, गावकीत बसू लागला. मशिनींच्या आवाजात बोलून बोलून त्याचा गळा उघडला होता, हाक मारली की पार खाजणाच्या टोकाला पोचायची.

त्याच सुमाराला गुणाजीला अर्धांगाचा झटका आला. वाचला, पण बोलणं गेलं. पुढारी मंडळी कपाळाला हात लावून बसली. गावात सगळ्यांना आपल्या घरापर्यंतची नावं पाठ, आपलं आलं की कान बंद. सगळी चाल कुणालाच येईना. गुणाजीचा मुलगा मुंबईला, त्याला तर दोन घरं धड सांगता येईनात. गावकीने ठरवलं, आवाज कान्हूचा आहे, हजेरी त्याने घ्यावी. पण नावं आणायची कुठून?

"घरात विचार," नाथा म्हणाला. "आयेला सगळी चाल येते."

येणारच. ज्याला आपलं नाव येणारच याची खात्री असते, तो बाकीची नावं ऐकत नाही. ज्याला खात्री नसते, तो एकेक नाव ऐकतो.

मग पावसाच्या दिवसांत त्या घरात शाळा भरली. धोंडुबाई मोड आलेले कडवे वाल सोलत बसायची, कान्हू समोर. एक वाल सालीतून सुटला की एक घर. ती हळू आवाजात चाल लावायची, तो मागोमाग म्हणायचा. गुणाजीचे हेल, कुठे श्वास घ्यायचा ते, सगळं तिच्याकडे जसंच्या तसं. शांती चुलीपाशी तोंडाला पदर लावून ऐकत राहायची.

"हिरू पोशाऽ," वाल परातीत. "चांगा पदूऽ," वाल परातीत. "हंऽ हंऽ," वाल परातीत. "बामा हिरूऽ..."

"थांब. ते हं हं काय?"

"ते आपलं घर."

"मग नाव घे ना."

धोंडुबाईने पदर डोक्यावर ओढला. कान्हूच्या ध्यानात आलं. त्या पिढीची बाई नवऱ्याचं नाव घेत नाही. इतकी वर्षं त्या नावाला ओ देत आली, पण स्वतःच्या तोंडाने ते एकदाही उच्चारलं नव्हतं. माणूस जाऊन जमाना झाला तरी.

"बरं, मग तिथं मी कान्हू जनू म्हनंन."

"तू पुकारनारा. पुकारनारा आपलंच नाव घेऊन आपनच ओ देतो काय? गुणाजीच्या घरची ओ त्याचा भाऊ द्यायचा."

"मग नाथा."

अंगावर गोधडी घेऊन नाथा कोपऱ्यात पडला होता. रात्रपाळी करून आलेला. आतूनच म्हणाला, "माझ्या भरवशावर राहू नको. कंपनी ओहोटी बघून सोडत नाय."

कान्हूने आईकडे बघितलं. आईने वालाकडे. परातीत त्या घरचा वाल पडला होता, पण नाव पडलं नव्हतं. ती म्हणाली, "तुझं घर हाय. तू बघ." आणि पुढच्या घरावर गेली.

आता कुणी म्हणेल, मग घे ना आईचं नाव, काय अडलं? अडतं. आमच्याकडे पोरगा आईला नावाने हाक मारत नाही. शाळेत मास्तर आईचं नाव विचारायचा तेव्हा पोरं लाजून खाली बघायची. आणि इथे तर उंचवट्यावर चढून, साऱ्या गावापुढे, हेल काढून. बायको नवऱ्याचं घेईना, पोरगा आईचं घेईना. दोन्हीकडून आदर, आणि मधे घराची जागा रिकामी. असल्या आदराला काय म्हणायचं ते मी इथे लिहीत नाही, छापणार नाहीत.

भादव्याच्या उधाणाला खांड पडली. दुपार कललेली, ओहोटी लागलेली. गडी आले, पण पूर्वीसारखे नाहीत. कुणी पनवेलला, कुणी शिफ्टला. ओळ विरळ होती. नाथाने कुणाशी तरी पाळी बदलून घेतली होती, तो होता. आणि कितीतरी वर्षांनी ओळीत धोंडुबाई होती. केस पिकलेले, लुगडं तसंच खोचलेलं.

कान्हू उंचवट्यावर चढला. चाल लावली आणि जुनी माणसं चकित झाली. गुणाजीच परत आल्यासारखं वाटलं. "हिरू पोशाऽ!" "हाय!" "चांगा पदूऽ!" "हाय!" आणि मग त्याने जे केलं ते शिकवल्याप्रमाणेच केलं. "हंऽ हंऽ," म्हणाला आणि पुढे निघाला.

ओळीत हशा पिकला. कुणी तरी ओरडलं, "कान्हू, तुझं घर भरतीत गेलं काय रे?"

तो थांबला. घसा खाकरून मागे आला. "नाथा जनूऽ!"

नाथा हात वर करून म्हणाला, "मी हाय. पन घरटी एक. आपल्या घरचं कोन उभं हाय ते नीट बघ नि मग पुकार."

हशा बंद झाला. कान्हूने आईकडे बघितलं. ती त्याच्याकडेच बघत होती, हात मोकळे सोडून. तो वरून म्हणाला, हळू, पण खाडीच्या वाऱ्याने सगळ्यांना ऐकवलं, "आये, तुझं नाव कसं घेऊ?"

ती म्हणाली, "तुझ्या बापाचं नाव मी कदी घेतलं नाय, पन त्याला ओ देत आले. तुला नुसतं घ्यायचं हाय. घे. भरती थांबनार नाय."

आणि कान्हूने घेतलं. चालीत बसवायचा प्रयत्न केला नाही. सरळ, रोह्याच्या कंपनीत कमावलेल्या आवाजात, "धोंडुबाई!"

"हाय."

छोटंसं. पूर्वीसारखं ठणकावून नाही. आणि ती एक पाऊल पुढे झाली.

कान्हूची चाल पार मोडली. बामा हिरू सुचेना, पुढचं काहीच सुचेना. तो नुसता उभा, डोळ्यांवर बाही. मग ओळीतल्या गड्यांनी आपापली नावं आपणच ओरडली, क्रम सोडून, जशी येतील तशी. मागे बांधाखाली उभी असलेली चंद्रावती, जिचा मुलगा शिफ्टला होता, तीही आपलं नाव सांगून वर चढली. कुणी अडवलं नाही. अडवायला हात मोकळा कुणाचा होता?

खांड बुजली. कशीबशी, भरतीचं पाणी मेढींना टेकायला आणि शेवटचा गोळा बसायला एकच गाठ पडली. घरी कान्हू ओटीवर बसून राहिला. धोंडुबाई हातपाय धुऊन आली आणि म्हणाली, "जेव." शांतीने पानं घेतली होती, ती म्हणाली, "आदी तुमी बसा." आणि पहिलं पान सासूला वाढलं.

यानंतर काही सोन्याचे दिवस आले असं समजू नका. तशी आणखी एकच हजेरी झाली. मग बांधाचं काम ठेकेदाराकडे गेलं. मशीन येतं, माती ओढतं, जातं. नावं पुकारायची गरजच उरली नाही. म्हणजे साऱ्या जन्मात त्या बाईचं नाव बांधावर दोनदा घेतलं गेलं. जे मागितलं होतं ते मिळालं, पण बघा किती उशिरा आणि किती थोडं. याचा मला राग येतो. तिला येत नाही. ती म्हणते, "घेतलं ना? झालं."

आता तिला ऐकू कमी येतं. कान्हू आतून हाक मारतो, 'आये', तर कित्येकदा कळत नाही. मग तो जवळ जाऊन खांद्याला हात लावतो.

तुम्हीही कुणाचे तरी पोरगे आहात. तुमच्या आईचं घर तुमच्या नावाने चालतं, दारावरची पाटी तुमची, पत्रिकेत ती 'अमुकची आई'. एक करा. हे वाचून झाल्यावर उठा, तिच्यासमोर जा आणि तिचं पुरं नाव मोठ्याने घ्या. लाज वाटेल, वाटू दे. कान्हूसारखं तिसऱ्या हाकेपर्यंत थांबू नका. तिचे कान चालू आहेत तोवर, पहिल्याच हाकेला घ्या.